दोन दशांश

सर : मला कुठे माहीत होतं, ते कागद तुला दाखवतील म्हणून!

काकू : म्हणजे माहीत असतं तर वेगळं लिहिलं असतं?

सर : तू मध्ये बोलू नकोस.

काकू : मी मध्येच बसलेय. इकडे तुम्ही, तिकडे ही, आणि समोर दोन किलो मटार. सोला दोघंही. तोंडं चालतायत तर हातही चालू द्या. आणि मला कुणीतरी पहिल्यापासून सांगा. मी आत पिशव्या रिकाम्या करत होते, तेवढ्यात ह्यांचा आवाज चढला.

मुंगी : चढला नाहीये, काकू. सरांचा आवाज तिथेच असतो.

काकू : हे बाकी खरं.

मुंगी : आमच्या तपासणी विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होतेय. पूर्वी सरांची होती, तीच. दोघांची नावं आहेत, माझं आणि भोंग्याचं. उद्या सकाळी दहाला मुलाखत आहे. कंपनीने सरांकडून आमच्याबद्दल अभिप्राय मागवला होता. तो आज मला वाचायला दिला. नियमच आहे, आदल्या दिवशी दाखवायचा आणि सही घ्यायची.

काकू : भोंगा म्हणजे तो उंच, हसरा? ह्यांच्या निरोप समारंभात माइक बंद पडला तरी ज्याचं भाषण थांबलं नाही, तो?

सर : माणूस खणखणीत आहे.

काकू : आणि हिच्याबद्दल काय लिहिलंत?

सर : चांगलंच लिहिलंय.

मुंगी : मला पाठ आहे. ‘हुशार, काटेकोर, अत्यंत प्रामाणिक. परंतु चूक डोळ्यांना दिसत असतानाही बोलत नाही. हा तिचा स्वभाव आहे. प्रमुखाला हा स्वभाव परवडत नाही.’

काकू : अहो!

सर : अहो काय? खोटं आहे का, विचार तिला. खोटं असेल तर आत्ता फोन करून मागे घेतो.

मुंगी : खोटं नाही.

सर : बघ!

मुंगी : म्हणून तर आले. खोटं असतं तर उद्या तिथल्या तिथे खोडून काढलं असतं. पहिल्यांदा जिने चढून इथे आले नसते.

काकू : हे निवृत्त झाल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. तेही भांडायला.

मुंगी : भांडायला नाही, काकू.

सर : आणि मी एकट्याने म्हटलेलं नाही. ती मानसशास्त्राची मुलगी आलीय ना तुमच्याकडे? तिने चाचणी घेतली की तुमची. तीही तेच म्हणत असणार.

मुंगी : तिने काहीच म्हटलं नाही. आकडे दिले. साठ प्रश्न होते. ‘गर्दीत गेल्यावर तुम्हाला उत्साह वाटतो का?’ एक ते पाच यांपैकी एका आकड्याला गोल करायचा.

काकू : कसली गर्दी? लग्नातली की दवाखान्यातली?

मुंगी : मीही तेच विचारलं. ती म्हणाली, फार विचार न करता लिहा. मला तेवढंच जमत नाही.

सर : आकडे काय आले?

मुंगी : शंभरात काटेकोरपणा शहाण्णव. काळजी करणं एक्याऐंशी. बहिर्मुखपणा अकरा.

सर : अकरा!

मुंगी : भोंग्याचा चौऱ्याण्णव. त्यानेच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना.

काकू : मग आता अकरावालीने घरी बसायचं?

मुंगी : चाचणीत काही खोट नाही, काकू. मी महिन्याने पुन्हा दिली, तर बारा आले. म्हणजे मोजमाप पक्कं आहे. पण टाकीत तापमापकाची नळी बुडवली की पाणी किती तापलंय ते कळतं. ते आंघोळीचं आहे की चहाचं, हे नळी सांगत नाही. ते आपण ठरवतो.

सर : मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, चाचणीबिचणी न करता. ही दारात उभी, हातात वही. आत येऊ का, हे विचारायलासुद्धा आवाज निघेना. मी म्हटलं, अरे, मुंगीला वाट द्या! झालं. तेव्हापासून मुंगी.

मुंगी : कॉलेजात मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांशी भांडले होते, सर. तराजू बिघडलाय म्हणून. दोन दिवस मी त्यांना सोडलं नव्हतं. मुंगी तुमच्या दारात झाले.

सर : म्हणजे तेही माझ्याच माथी!

मुंगी : माथी नाही. तारीख सांगितली.

काकू : आता ती चूक कुठली, ते सांगणार आहात की मी शेंगांना विचारू?

सर : तुला माहीत आहे ती. बाळांच्या पेट्यांच्या तापमापकांची. ते परत गोळा करत मी चार दिवस गाडी घेऊन दवाखान्या-दवाखान्यांतून फिरत होतो, ती.

काकू : ती तर तुमची चूक होती! तुम्ही सगळी अंगावर घेतली, म्हणून केवढं कौतुक झालं. मीच शेजाऱ्यांना सांगत फिरले होते.

सर : माझीच होती. पण हिला ती दिसली होती. आणि ही गप्प बसली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मुंगी : एकोणीस वर्षं.

सर : एकोणीस वर्षं. आणि आता जागेचा प्रश्न आला तेव्हा वाटलं, आपण गप्प बसणं बरं नव्हे.

काकू : मुंगे, खरंच दिसली होती?

मुंगी : आमची खोली आठवतेय ना तुम्हाला? तुम्ही एकदा डबा घेऊन आला होतात. चार टाक्या, कुठे पाणी, कुठे तेल, ते ढवळणारं यंत्र दिवसभर घूं घूं करायचं.

काकू : आठवते की. बाहेर थंडी आणि आत नुसती ऊब. मला उठावंसंच वाटेना. काय वास होता तो?

सर : गरम तेलाचा आणि रबरी नळ्यांचा. थंडीच्या दिवसांत हिशेब विभागातले लोकसुद्धा काहीतरी निमित्त काढून आमच्या खोलीत यायचे. ‘सहज आलो.’ सहज! टाकीला पाठ लावून उभे राहायचे.

मुंगी : आणि पारा सांडला की?

सर : अरे, तो तर सोहळा! दारं-खिडक्या सताड उघड्या, पंखा बंद, नि सगळे गुडघ्यांवर. जाड कागद घेऊन गोळे हळूहळू एकत्र लोटायचे. एकदा भोंग्याला शिंक आली.

मुंगी : आणि शंभर गोळ्यांचे हजार झाले.

सर : तीन तास! तीन तास शोधत होतो आम्ही. मी काय ओरडलो होतो त्याला!

मुंगी : फाटकावरच्या पहारेकऱ्याने येऊन विचारलं होतं, काही झालं का म्हणून.

काकू : खोली अजून आहे का?

मुंगी : आहे. पाऱ्याचं काम बंद होऊन सहा वर्षं झाली. आता तिथे खोके ठेवतात. मी कधीकधी जाऊन उभी राहते. वास गेलेला नाही.

सर : चार नंबरची टाकी?

मुंगी : भंगारात गेली. तिचं झाकण माझ्याकडे आहे.

सर : झाकण कशाला ठेवलंस?

मुंगी : माहीत नाही. जड आहे, हलवायचा कंटाळा येतो.

काकू : बरं, चूक.

मुंगी : टाकीत एक मुख्य नळी असायची, काकू. तिच्यावरून टाकीचं खरं तापमान ठरायचं. बाकीच्या नळ्या आम्ही सहा जणी वाचायचो आणि तिच्याशी ताडून बघायचो. मुख्य नळी फक्त सर वाचायचे.

सर : जबाबदारीचं काम होतं ते.

मुंगी : वाचायचे आणि मोठ्याने सांगायचे. ‘सदतीस पूर्णांक शून्य!’ मग आम्ही लिहायचो. एकदा त्या नळीचा स्टँड मोडला. फिटरने नवा केला, तो चार बोटं बुटका झाला. सर उंच. ते नेहमीच्या जागी उभे राहिले, पण आता त्यांचा डोळा पाऱ्याच्या वर आला. नळीकडे वरून बघितलं की पारा आहे त्याच्यापेक्षा वर दिसतो. टाकी होती सदतीसवर. सरांनी वाचलं सदतीस पूर्णांक दोन.

काकू : दोन दशांशांनी काय होतं?

सर : महिनाभर आधी जन्मलेल्या बाळाची पेटी असते ती. दोन दशांशांनीही होतं.

मुंगी : आमच्या नळ्या बरोबर होत्या. त्या सदतीसच दाखवत होत्या. आम्ही एकेका नळीला चिठ्ठी लावली, ‘ही दोन दशांश कमी दाखवते, तेवढे मिळवून वाचा.’ बारा दिवसांत सहाशे चाळीस नळ्या गेल्या.

काकू : आणि तुला कधी कळलं?

मुंगी : तिसऱ्या दिवशी. चहाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. मी स्टूल ओढून मुख्य नळीसमोर बसले. मी बुटकी, डोळा बरोबर समोर आला. सदतीस पूर्णांक शून्य. मला वाटलं, माझंच चुकतंय. चष्म्याचा नंबर नुकताच बदलला होता. सरांनी तर सगळ्यांसमोर खणखणीत सांगितलं होतं, बाकी पाच जणींनी लिहिलं होतं. म्हटलं, सात माणसांत सहा जणांचं एक आणि माझं एक.

सर : सहा जणांचं कुठलं? वाचलं होतं मी एकट्याने.

मुंगी : हेच, सर. हेच मला तेव्हा सुचलं नाही.

काकू : मग?

मुंगी : मग रोज चहाच्या सुट्टीत बसून वाचायचे आणि वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे. पहिले चारपाच दिवस शंका होती. नंतर शंका नव्हती. नंतर नुसती भीती होती.

सर : कसली भीती? मी काय खाणार होतो तुला?

मुंगी : तुम्ही हसला असता. ‘अरे, मुंगीला वेगळंच दिसतंय!’ आणि सगळे हसले असते.

काकू : हसलेच असते हे.

सर : बाराव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. त्या संध्याकाळी मी सगळ्यांच्या वह्या तपासायला घेतल्या. हिची उघडली, तर कोपऱ्यात बारीक अक्षरात ओळीने सदतीस, सदतीस, सदतीस. खाली तारखा. मला... जाऊ दे.

काकू : काय जाऊ दे? बोला.

सर : मला वाटलं, या मुलीला मी तीन वर्षं हाताला धरून काम शिकवलं, आणि हिचा माझ्यावर एवढाही विश्वास नाही.

मुंगी : त्या चार दिवसांत मी गाडीत तुमच्या शेजारी होते, सर. खोके मोजायला तुम्ही मलाच घेतलं होतंत. तुम्ही बिस्किटं खात होतात, गाणी म्हणत होतात. मी वाट बघत होते, तुम्ही आता विचाराल, मग विचाराल.

सर : आणि मी वाट बघत होतो, तू सांगशील.

काकू : कमाल आहे तुम्हा दोघांची. चार दिवस गाडीत बसून!

मुंगी : शेवटच्या दवाखान्यातली नर्स आठवते? तिने कपाट उघडून दिलं, आमच्या सगळ्या नळ्या बांधून ठेवलेल्या. म्हणाली, तुमच्या चिठ्ठीचं गणित माझ्या बाळांशी जुळेना. मी हात लावून बघत होते.

सर : कुठल्याही बाळाला काही झालं नाही. देवाची कृपा म्हणायची.

मुंगी : त्या बाईची.

काकू : पण मग तुम्ही एवढं अंगावर घेतलंत, ते काय होतं?

सर : लेखी दिलं होतं की! ‘नवीन स्टँडची उंची तपासून घेण्याची जबाबदारी माझी होती. ती मी पार पाडली नाही. इतर कुणाचाही दोष नाही.’ खाली सही. वरच्या साहेबांनी हात हातात घेतला माझा.

मुंगी : तुम्ही स्टँडची उंची अंगावर घेतलीत, सर.

सर : म्हणजे?

मुंगी : स्टँड उंच केलात. भिंतीवर डोळ्याच्या रेषेची खूण केलीत. भिंगं मागवलीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच उभे राहिलात आणि म्हणालात, ‘सदतीस पूर्णांक शून्य!’ आणि आम्ही सहा जणींनी लिहिलं.

सर : ते बरोबर होतं त्या दिवशी!

मुंगी : बरोबर होतं. पण आम्हाला कसं कळणार?

काकू : अहो, एक सांगू? रागवू नका.

सर : सांग. आज सगळ्यांनी सांगा.

काकू : लग्नानंतर पहिला चहा केला मी. तुम्ही एक घोट घेतलात आणि सासूबाईंसमोर म्हणालात, ‘वा! साखर अगदी बेताची.’ मला तो गोडमिट्ट लागत होता. पण तुम्ही बोलून बसलात. त्रेचाळीस वर्षं मी तोच चहा पितेय.

सर : त्रेचाळीस वर्षं? अगं, मग सांगायचं!

काकू : कधी? तुमचं आधीच सांगून झालेलं असतं.

सर : हे म्हणजे... घर काय, ऑफिस काय. मग मी काय तोंडात बोळा घालून बसायला हवं होतं? माझा आवाज मोठा आहे. तो काही मी दुकानातून आणलेला नाही. आणि टाकीतलं तेल पेटलं होतं तेव्हा? तेव्हा कुणाचा आवाज कामाला आला?

मुंगी : तुमचा. एका मिनिटात तुम्ही एकवीस माणसं बाहेर काढलीत. माझ्या घशातून तेव्हा शब्द निघाला नसता. मला ते कायम आठवतं.

सर : मग? उद्या तू प्रमुख झालीस आणि परवा आग लागली तर?

मुंगी : भोंगा आहे ना. मी त्याला सांगून ठेवलंय. आमच्यातलं कुणीही तिथे बसो, आग लागली तर ओरडायचं काम तुझं.

काकू : तो काय म्हणाला?

मुंगी : खूश झाला. लगेच ओरडून दाखवलं.

सर : सांगून ठेवलंयस. म्हणजे तू आधीच कामं वाटून बसलीयस.

मुंगी : माझी तुकडी मला मिळाली त्याला सोळा वर्षं झाली, सर. चार माणसांची का असेना. तिथे मी कधी मोठ्याने आकडा सांगितला नाही. प्रत्येकाने बघायचं, चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून मध्ये ठेवायची. मग सगळ्यात नवीन माणसाची चिठ्ठी आधी उघडायची. माझी शेवटी. चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर मी काही बोलत नाही. सगळे पुन्हा बघतात.

सर : कधीपासून?

मुंगी : पहिल्या दिवसापासून.

सर : म्हणजे तुझ्या तुकडीच्या चुका एकदम खाली आल्या होत्या, ते...! मी वार्षिक अहवालात लिहिलं होतं, नव्या भिंगांमुळे.

मुंगी : भिंगं तीन वर्षं आधी आली होती, सर.

काकू : बाई गं!

सर : मला का नाही सांगितलंस? मी सगळ्या खोलीला तसं करायला लावलं असतं!

मुंगी : लावलं असतंत. सगळ्यांसमोर उभं राहून, मोठ्याने.

सर : आणि मी रोज राउंडला यायचो, तेव्हा मला कधी चिठ्ठ्या दिसल्या नाहीत त्या?

मुंगी : तुमची चप्पल जिन्यात वाजली की आम्ही त्या उचलून ठेवायचो.

काकू : मुलांनो, हसू नका, असं म्हणायची सोय नाही. मलाच हसू येतंय.

सर : हसा. मी कुठे नको म्हणतोय! ...म्हणजे अकरा मार्कांची ही बाई माझ्या नाकाखाली बारा वर्षं स्वतःचं राज्य चालवत होती.

मुंगी : काटेकोरपणाच्या त्या शहाण्णवाने चिठ्ठ्या आणल्या. एक्याऐंशीनेही थोडी मदत केली असेल. काळजी वाटते म्हणून मी दुसऱ्याला विचारते.

सर : ठीक आहे. फोन दे इकडे, मी अभिप्राय मागे घेतो. उद्या दहा वाजेपर्यंत काय, आत्ता दहा मिनिटांत होईल. त्या साहेबाला मीच नोकरीला लावलंय.

मुंगी : नको, सर.

सर : का नको? जागा हवी आहे ना तुला?

मुंगी : हवी आहे. खूप हवी आहे. हे मी घरीही इतकं स्पष्ट कधी बोलले नाही. पण तुम्ही फोन केलात, तर ती तुमच्या आवाजाने मिळेल. आणि जे लिहिलंय ते खरं आहे. मला दिसलं होतं, मी बोलले नाही. ते राहू दे. फक्त ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी उद्या सांगितलं, तर मी तुमच्यावर ढकलतेय असं होईल. ते तुमच्याच अक्षरात हवं.

सर : म्हणजे इतक्या वर्षांनी मी लिहून द्यायचं, की मोठेपणाने अंगावर घेतलं होतं, तेही अपुरंच होतं.

मुंगी : हो.

सर : त्या लोकांच्या तोंडी आजही माझं नाव त्यासाठी आहे. नवीन माणूस आला की त्याला सांगतात. सांगतात ना?

मुंगी : मीही सांगते.

सर : तूही?

मुंगी : चार दिवस तुम्ही स्वतः गाडी घेऊन फिरलात, हे खोटं नाही. ते मी सांगत राहीन.

(सर हातातली शेंग खाली ठेवतात.)

काकू : कागद आणू का?

सर : आण. आणि ते शाईचं पेन. ...तारीख काय आज? हं. ‘माझ्या कालच्या अभिप्रायाला जोडून.’ जोडून म्हणू की पुरवणी?

मुंगी : जोडून चालेल.

सर : ‘त्या बारा दिवसांत मुख्य नळीचं वाचन मी एकट्याने करत असे आणि इतरांनी काही पाहण्याआधी मोठ्याने सांगत असे. त्यामुळे कुणी स्वतंत्रपणे वाचलं नाही. एकीने वाचलं. तिचं वाचन बरोबर होतं.’ झालं?

मुंगी : चिठ्ठ्यांचं नका लिहू. ते मी सांगेन.

सर : अरे वा! ते सांगणार? तोंडाने?

मुंगी : तोंडाने. आठवडाभर आरशासमोर बोलून बघतेय.

काकू : पाणी देऊ का तुला? हात थंडगार पडलेत बघा हिचे.

मुंगी : काकू, ते नेहमीच असतात.

सर : सही करण्याआधी एक विचारतो. नीट विचार करून सांग, घाई नको. तू त्या पाचव्या-सहाव्या दिवशी वही घेऊन आली असतीस, सगळ्यांसमोर, आणि म्हणाली असतीस, सर, तुमचं चुकतंय. तर मी ऐकलं असतं?

मुंगी : नाही, सर.

सर : मलाही नाही वाटत. थांब, हेही लिहितो.